घराण्याचा इतिहास शोधताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातल्या जुन्या नोंदींमधून आपल्या कुळाचा माग काढू पाहणाऱ्यांसाठी

सुरुवात कुठून करायची?

घरातल्या पत्र्याच्या पेटीपासून. सरकारी कचेरीत जाण्याआधी घरात काय आहे ते बाहेर काढा: जुने सातबारा, खरेदीखतं, शाळेचे दाखले, रेशनकार्डं, जन्मपत्रिका, लग्नपत्रिका, पोथीच्या मागच्या पानावर कुणी टिपून ठेवलेल्या जन्म-मृत्यूच्या तिथी. माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडीही खाली काढा. लग्नात आलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव, गाव आणि पुष्कळदा सालही कोरलेलं असतं. पणजीचं माहेर कोणतं, हे कागदावर कुठेच सापडत नाही आणि घंगाळावर सापडतं, असं अनेकदा होतं.

मग एका वहीत स्वतःपासून मागे जात प्रत्येकाच्या चार गोष्टी लिहा: पूर्ण नाव, गाव, अंदाजे साल आणि ही माहिती कुठून मिळाली. चौथी गोष्ट बहुतेक जण गाळतात. सहा महिन्यांनी दोन सालं जुळेनाशी झाली, की कोणती मामांनी सांगितलेली आणि कोणती दाखल्यावरची, हे आठवत नाही.

आडनाव टाकून शोधलं तर हाती काहीच लागत नाही. असं का?

कारण आपल्याकडचे जुने कागद नावावर लावलेले नाहीत, गावावर आणि जमिनीवर लावलेले आहेत. तहसीलच्या अभिलेख कक्षात गठ्ठे असतात ते गाववार. ‘आमचे पणजोबा रामचंद्र यांची नोंद हवी’ असं सांगितलं तर कुणीही मदत करू शकत नाही. ‘अमुक मौजे, अमुक तालुका, सर्व्हे नंबर इतका, साधारण १९२० ते १९३५’ असं सांगितलं तर गठ्ठा निघतो. म्हणून आधी गाव पक्कं करा, जमल्यास शेताचा नंबर मिळवा, माणूस त्यानंतर.

त्यात आडनाव हा आधारच डळमळीत. पाटील, कुलकर्णी, देशमुख, चौगुले, जोशी ही कामांची किंवा वतनांची नावं. एकाच आडनावाच्या दोन घरांचा एकमेकांशी काही संबंध नसू शकतो. उलट एकाच घरातले दोन भाऊ दोन आडनावांनी नोंदलेले सापडतात. ‘-कर’ लावलेलं आडनाव बहुतेक वेळा घराणं जिथून निघालं ते गाव सांगतं, जिथे स्थिरावलं ते नाही. गावातल्या गावात कुणी कुणाला गावाच्या नावाने हाक मारत नाही. ते नाव परगावी गेल्यावर लोकांनी दिलेलं असतं.

मूळ गाव माहीत आहे, पण कोणत्या तालुक्यात जायचं?

नोंद लिहिली गेली त्या काळी ते गाव कोणत्या तालुक्यात आणि कोणाच्या राज्यात होतं, हे पाहा. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली रत्नागिरीतून निघाला, जालना त्याच वर्षी, लातूर १९८२ साली उस्मानाबादेतून, नंदुरबार १९९८ साली धुळ्यातून, पालघर २०१४ साली ठाण्यातून. जुने गठ्ठे नव्या मुख्यालयी गेलेच असतील असं गृहीत धरू नका, दोन्हीकडे विचारा. सांगली, मिरज, औंध, फलटण, भोर, जत, अक्कलकोट, सावंतवाडी ही संस्थानं होती. त्यांचं दप्तर वेगळं होतं आणि विलीनीकरणानंतर ते निरनिराळ्या ठिकाणी गेलं. मराठवाडा निजामाकडे असल्याने तिथले जुने कागद उर्दूत सापडतात. बेळगाव आणि विजापूर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते, एवढं लक्षात ठेवलं तर सीमेवरच्या घराण्यांचे बरेच हेलपाटे वाचतात.

महसुली कागदांपैकी नेमकं काय मागायचं?

सर्वांत आधी फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातले बदल नोंदवणारा गाव नमुना सहा. वंशावळीसाठी याच्याइतका कामाचा कागद नाही. खातेदार वारला की वारसांची नोंद फेरफाराला होते: मृत्यूची तारीख, वारसांची नावं, नातं आणि पुष्कळदा वयही. एका पिढीचा अख्खा संसार एका पानावर.

पद्धत अशी. हाताने लिहिलेल्या जुन्या सातबारावर कबजेदाराच्या नावाजवळ वर्तुळात एक आकडा असतो. तो फेरफार क्रमांक. कमी झालेल्या नावांना कंस केलेला असतो. त्या आकड्याचा फेरफार मागवा. त्यात मागच्या खातेदाराचं नाव मिळेल. मग त्याच शेताचा त्याआधीचा सातबारा काढा, त्यावरचा आकडा बघा, पुढचा फेरफार मागवा. असं एक एक पायरी उतरत मागे जायचं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ सालचा, त्यामुळे अनेक गावांत ही साखळी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत नेता येते. त्या टोकाला सातबाराऐवजी कडई पत्रक आणि पाहणी पत्रक मिळतात. मराठवाड्यात खासरा पत्रक, विदर्भात अधिकार अभिलेख पंजी या नावांनी विचारा. नाव चुकलं तर समोरचा कारकून ‘असलं काही नसतं’ म्हणून मोकळा होतो.

साखळी सर्वांत जास्त वेळा तुटते ती सर्व्हे नंबर बदलल्यावर. जमीन एकत्रीकरण योजनेत (कायदा १९४७ चा, अंमल गावोगावी वेगवेगळ्या वर्षी) जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजचा गट नंबर घेऊन १९३० सालचा कागद मागितला तर भलत्याच माणसाचं शेत हाती येतं. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा ९(३), ९(४) चा उतारा घ्या. त्यात जुना नंबर आणि नवा गट यांचा मेळ असतो.

‘रद्द’ शेरा असलेला फेरफारही टाकून देऊ नका. हक्क नाकारला गेला असेल, पण त्यात लिहिलेली नाती त्यामुळे खोटी ठरत नाहीत. भाऊबंदकीचे तंटे वंशावळ शोधणाऱ्याच्या पथ्यावरच पडतात. भांडणात दोन्ही बाजू आपापलं कुळ तपशिलात सांगतात.

ए.कु.क., अ.पा.क., कोम, बिन… हे काय आहे?

‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ म्हणजे अमक्याची बायको. ‘सखू कोम विठू’ म्हणजे विठूची बायको सखू. ए.कु.क. म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता: जमीन एकट्याच्या नावावर दिसते, पण मागे भाऊ आहेत. ही तीन अक्षरं न वाचल्याने अनेक वंशवृक्षांत चार भावांचा एक होऊन बसतो. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता, म्हणजे त्या वेळी वारस लहान होता. वारस अज्ञान आणि पालनकर्ती आई असेल, तर बाप मुलाच्या लहानपणीच गेला, एवढं त्यातून कळतं. जन्मसालाचीही कड सापडते.

जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी कुठे असतात?

गाव नमुना चौदा. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा लागू होण्याआधीच्या गावच्या नोंदी यात असतात आणि ही पुस्तकं तहसीलच्या अभिलेख कक्षात ठेवलेली असतात. जुनी पानं मोडी लिपीत असतात.

मुलाचं नाव शोधत बसलात तर फसाल. बारशाच्या आधीच वर्दी दिली जायची, म्हणून नोंद असते बापाच्या नावाने: ‘अमक्यास मुलगा’ किंवा ‘मुलगी’, तारीख, जात, बस्स. त्यामुळे बापाच्या नावाने दहा-पंधरा वर्षांचा पट्टा उतरवून घ्या आणि मुलं क्रमाने लावा. मृत्यूच्या नोंदीही सोबत घ्याच, कारण यांतली काही मुलं वर्ष-दोन वर्षांत गेलेली असतात आणि त्याच घरात पुढच्या मुलाला तेच नाव दिलेलं असतं. पहिलं बाळंतपण माहेरी झालं असेल तर ती नोंद माहेरच्या गावच्या पुस्तकात आहे.

शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख खरी मानायची का?

१ जून असेल तर मुळीच नाही. शाळा जूनमध्ये सुरू होते; तारीख माहीत नसली की मास्तर वय अजमावून १ जून टाकून देत. साल एक-दोन वर्षांनी मागेपुढे होऊ शकतं. दाखल्यापेक्षा शाळेचं मूळ जनरल रजिस्टर पाहायला मागा: त्यात आधीची शाळा, पालकाचं नाव-धंदा आणि शाळा सोडण्याचं कारण असतं. कुटुंब कोणत्या वर्षी गाव सोडून गेलं, हे अनेकदा याच रकान्यात कळतं.

मोडी शिकावीच लागेल का?

१९०० च्या मागे जायचं असेल तर हो. पाच-पंचवीस पानांसाठी जाणकाराकडून लिप्यंतर करून घेता येईल, पण आपल्या कामाचं पान कोणतं, हे ओळखण्यापुरती तरी मोडी यायला हवी. रोज अर्धा-पाऊण तास बसलात तर महिन्या-दोन महिन्यांत अक्षरं लागतात. धावतं हस्ताक्षर वाचायला अधिक काळ लागतो. पुराभिलेख विभाग आणि अनेक संस्था मोडीचे वर्ग घेतात.

अडचण अक्षरांपेक्षा लिहिण्याच्या रीतीची आहे. आधी ओळभर रेघ ओढून तिच्याखाली हात न उचलता लिहीत जायचं, शब्द तोडायचे नाहीत, विरामचिन्हं नाहीत, इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ नाही. त्यात राजश्री, मौजे, परगणे यांसारखे नेहमीचे शब्द आखूड केलेले. म्हणून सुरुवात कोतवाल बुकापासून करा. मजकूर ठरावीक, रकाने ठरावीक. एक लेखनिक वर्षानुवर्षं तेच लिहितो. एकदा त्याचा हात ओळखीचा झाला की पुढची शंभर पानं भराभर जातात. पहिल्याच दिवशी पेशवाईतलं पत्र उघडू नका.

शके, फसली, अरबी सन… इसवी सन कसा काढायचा?

शालिवाहन शकात ७८ मिळवा. तिथी जानेवारी ते फाल्गुन अखेर या पट्ट्यात पडत असेल तर ७९. म्हणजे शके १८०५ चा श्रावण १८८३ मध्ये, पण त्याच शकातला माघ १८८४ मध्ये.

फसली साल महसुली कागदांत येतं. त्यात ५९० मिळवा, जानेवारी ते जूनसाठी ५९१. फसली १३२० म्हणजे १९१०-११. मात्र हे दख्खनी फसलीचं गणित आहे. उत्तरेकडच्या फसलीला ते लागू नाही.

सुहूर किंवा अरबी सन मराठेशाहीच्या कागदांत असतो आणि अक्षरांत लिहिलेला असतो. यात आधी एकं, मग दहं, मग शेकडा, शेवटी हजार. एकं: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा. दहं: अशर, अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. मया म्हणजे शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार. ‘खमस तिसैन मया व अलफ’ म्हणजे ११९५. त्यात ५९९ मिळवले की १७९४. हे साल मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलतं. म्हणून पुढच्या जानेवारी ते मे मधल्या तारखेला ६०० मिळवायचे.

काशी, प्रयाग, हरिद्वारच्या वह्यांत विक्रम संवत असतो. साधारण ५७ वजा करा. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे आपला श्रावण वद्य पक्ष तिकडे भाद्रपदात मोडतो. पुण्यतिथी जुळत नाही म्हणून दोन वेगळी माणसं समजण्याची चूक इथेच होते.

तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत खरंच पिढ्यानपिढ्यांची नावं मिळतात का?

मिळतात. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, गया, काशी, प्रयाग, हरिद्वार इथल्या उपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळीच्या वह्या असतात. आपल्या घरातलं कुणी अस्थिविसर्जनाला किंवा श्राद्धाला गेलं असेल, तर त्याने स्वतःचं, बापाचं, आजाचं, भावांचं, मुलांचं नाव लिहून खाली सही केलेली असते. पणजोबांचं हस्ताक्षर पाहायला मिळण्याची ही बहुधा एकमेव जागा.

जाताना मूळ गाव, जात, आडनाव आणि तीन पिढ्यांची नावं कागदावर लिहून न्या. इथेही वही उघडते ती गावावर. आताचं राहतं गाव सांगून उपयोग नाही. चार-पाच पिढ्यांमागे जिथे होतो ते सांगा. आपल्या गावाचे उपाध्ये कोण, हे घाटावर विचारलं तरी कळतं, पण त्यांच्या घरात वाटण्या झाल्या की वह्याही वाटल्या जातात. एका चुलत घराकडे काही नाही निघालं तर दुसऱ्याकडे विचारा. पर्वणीचे आणि पितृपक्षाचे दिवस टाळा. त्या गर्दीत वही नीट चाळायला कुणाला सवड नसते. दक्षिणा आधी बोलून घ्या, फोटो विचारून काढा, आणि निघताना आपल्या आताच्या पिढीची नोंद करून द्या, त्यात लेकी-सुनांची नावंही घाला.

हरिद्वारसह काही तीर्थक्षेत्रांच्या वह्यांची छायाचित्रं ‘फॅमिलीसर्च’ या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात, पण ती नावाने शोधायच्या यादीपेक्षा पानं उलटत जायचं दप्तर समजा.

वहीतली तारीख ही भेटीची असते. त्या भेटीत सांगितलेली आजोबा-पणजोबांची नावं मात्र आठवणीतून सांगितलेली, तेव्हा एखादी पिढी गळालेली असू शकते. दोन निरनिराळ्या क्षेत्रांच्या नोंदी ताडून पाहा.

घरातल्या बायकांची नावं सापडतच नाहीत. काय करावं?

नोंदी पुरुषांच्या नावाने लावलेल्या आहेत आणि छापील कुलवृत्तांतांतही मुली ‘कन्या १’ एवढ्यावर संपतात. तरी वाटा आहेत. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आल्यावर मुलींना बापाच्या मालमत्तेत वारस म्हणून स्थान मिळालं. त्यानंतरच्या वारस फेरफारांत लेकींची नावं सासरच्या आडनावासह येतात. एका फेरफाराने चार-पाच सासरं कळतात. हक्कसोडपत्रं नोंदणी कार्यालयात असतात, त्यांत पत्तेही असतात. त्याआधीच्या काळासाठी माहेरच्या गावचं कोतवाल बुक, भांड्यांवरची नावं, आणि आत्याबाईंची आठवण. लग्नात नाव बदललेलं असतं, हे विसरू नका: माहेरची द्वारका आणि सासरची लक्ष्मी एकच असते.

आईकडचं घराणंही तितकंच आपलं. वंशवृक्ष लिहिताना सोपा क्रमांक वापरा: स्वतः १, वडील २, आई ३, कुणाच्याही क्रमांकाची दुप्पट केली की त्याचे वडील, त्यात एक मिळवला की आई. पणजी-खापरपणजीच्या जागा रिकाम्या राहिल्या की त्या लगेच डोळ्यात भरतात.

एकाच नावाची दोन माणसं वेगळी कशी ओळखायची?

आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवण्याची चाल असल्याने गणेश रामचंद्र, रामचंद्र गणेश, पुन्हा गणेश रामचंद्र असा पाळणा फिरत राहतो. १८८० सालचा गणेश रामचंद्र आणि १९४० सालचा गणेश रामचंद्र एक धरला की दोन पिढ्या नाहीशा होतात. शंभर वर्षांत साधारण तीन ते चार पिढ्या, हा ताळा लावा. शंभर वर्षांत दोनच पिढ्या निघत असतील तर गळती आहे; पाच-सहा निघत असतील तर भावांना बाप-मुलगे केलं आहे. दत्तक गेलेला मुलगा दुसऱ्या बापाच्या नावाने दिसतो. एकाच माणसाची दोन बापनावं मिळाली तर नोंदणी कार्यालयात दत्तकपत्र शोधा.

म्हाताऱ्या माणसांना काय विचारावं?

साल विचारू नका. ‘पानशेत फुटलं तेव्हा तुम्ही कुठे होता?’ (१२ जुलै १९६१), ‘कोयनेच्या भूकंपात घर पडलं का?’ (११ डिसेंबर १९६७), ‘बहात्तरच्या दुष्काळात लग्न झालं होतं का?’ असं विचारा. त्यांनी त्यांच्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टींत प्लेगची साल (मुंबईत १८९६, पुण्यात १८९७) आणि १९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ, येते. एका वर्षात घरातली तीन-चार माणसं गेल्याचं सांगितलं, तर कोतवाल बुकात आधी तीच वर्षं काढा. एका बैठकीला पाऊण तास पुरे. फोटो समोर ठेवा, फोनवर ध्वनिमुद्रण करा, आणि शेवटी कुलदैवत, देवक, जत्रेचं गाव विचारा. मूळ गाव विसरलेलं असलं तरी कुलदैवताचं ठिकाण कुणी विसरत नाही.

पुराभिलेखागारात कुणी जावं?

घराण्यात वतन, इनाम, देवस्थानची सनद किंवा दरबारी चाकरी असेल त्याने. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे. मुंबई, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथेही अभिलेखागारं आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रज सरकारच्या इनाम कमिशनने इनामदारांकडून हक्काचे पुरावे आणि वंशावळी मागितल्या. त्या चौकशीचे कागद सापडले तर पाच-सहा पिढ्या एका झटक्यात मिळतात. मात्र त्या वंशावळी हक्क टिकवायला दिलेल्या आहेत, अडचणीची शाखा त्यांत गाळलेली असू शकते.

साध्या शेतकरी किंवा कारागीर घराला इथे नाव मिळणं कठीण. त्यांनी कोतवाल बुक आणि फेरफारातच वेळ घालावा. घरातलं कुणी महायुद्धांत कामी आलं असेल तर राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या संकेतस्थळावर शोधा. बऱ्याच शिपायांच्या नावापुढे बापाचं नाव, गाव आणि तालुका दिलेला आहे. इंग्रजी स्पेलिंग चार-पाच तऱ्हांनी टाकून पाहा.

कचेरीत नक्कल मिळत नाही, काय करावं?

तोंडी विचारू नका. गाव, नमुना, वर्षं आणि सर्व्हे नंबर लिहून नकलेचा अर्ज द्या आणि पोच घ्या. ‘सर्व नोंदी द्याव्यात’ असा अर्ज परत येतो. पाच-दहा वर्षांचा पट्टा मागा. नक्कल नाकारली तर माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून आधी अभिलेख पाहण्याची परवानगी मागा, मग हवी ती पानं निवडून नक्कल घ्या. दप्तर गहाळ असेल तर तसं लेखी घ्या. बऱ्याच जिल्ह्यांचे स्कॅन केलेले जुने सातबारा आणि फेरफार ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर आहेत, आणि २०२३ पासूनच्या कुणबी नोंदींच्या शोधमोहिमेत सापडलेली कोतवाल बुकाची पानं अनेक जिल्ह्यांनी आपल्या संकेतस्थळांवर गाववार ठेवली आहेत. आपलं घराणं कोणत्याही जातीचं असो, आपल्या गावचं पान तिथे आहे का, ते आधी बघा.

जुने कागद कसे सांभाळायचे?

लॅमिनेशन करू नका. ते परत निघत नाही आणि कागद आतल्या आत जळतो. चिकटपट्टी लावू नका. घडीवर फाटत असेल तर उलगडून सपाट ठेवा, घड्या पुन्हा घालू नका. लिखित कागद किमान ३०० डीपीआयवर, लहान फोटो ६०० वर स्कॅन करा, मागची बाजूही. फिकट शाई वाचायला उजेड बाजूने तिरपा पाडून फोटो घ्या. फाइलला नाव द्या ते साल-गाव-कागद अशा क्रमाने, ‘१९२३-मौजे-फेरफार-२१४’ असं. प्रती तीन: एक घरात, एक क्लाउडवर, एक दुसऱ्या गावच्या भावंडाकडे.